निळ्या साडीला काळा फॉल

साठी उलटून वर्ष झालं होतं. एक दिवस चष्मा घरी विसरून मी दुकानात आले, सवयीने सुई उचलली, आणि दोरा पहिल्या झटक्यात आत गेला. वाटलं, चुकून गेला असेल. काढला, पुन्हा ओवला. पुन्हा गेला. गेली पंधरा वर्षं चष्म्याशिवाय मला सुईचं भोकच दिसत नव्हतं.

"ए, इकडे बघ," समोर पिकोच्या मशीनवर बसलेल्या माझ्या जोडीदारणीला मी म्हटलं. "तुझी ताई तरणी झाली."

तिने मशीन थांबवून पाहिलं आणि हसली. "झकास. आता चष्मा विकून टाक."

विकला नाही, पण खणात टाकला. त्यानंतर महिनाभर जो कुणी दुकानात येईल त्याला मी चष्म्याशिवाय सुई ओवून दाखवत होते.

आमचं दुकान जोगेश्वरी पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. दोन माणसं, दोन मशीन आणि फॉलचं कपाट एवढीच जागा. साड्यांना पिको-फॉल करून देणं हेच काम. साडीच्या खालच्या काठाला आतून जी सुती पट्टी लावतात तो फॉल. फॉल मी लावायचे, काठाला मशीनने बारीक गुंफण घालायचं ते पिकोचं काम तिचं. ती अंधेरीच्या गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या ख्रिस्ती घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. दुकान माझं आणि ती पगारावर, तरी मी तिला जोडीदारीणच म्हणायचे. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसत होतो. शुक्रवारी तिच्या डब्यात मासे असायचे आणि त्यातला मोठा तुकडा माझा असायचा.

या धंद्यात शिवण कुणालाही जमते. खरी कला रंगाची. चांगला फॉल तोच, जो लावलाय हे बघणाऱ्याला कळत नाही. मी कधी साडी घेऊन कपाटासमोर उभी राहून एकेक पट्टी लावून बघत बसले नाही. साडी मांडीवर आली की हात आपोआप बरोबर खणात जायचा. वांगी, चिंतामणी, आमसुली, रामा, अबोली. बायका बोरीवलीहून माझ्याकडे साड्या घेऊन यायच्या ते उगाच नाही. हे मी तेव्हा स्वतःलाच बऱ्याचदा सांगायचे.

मग एक दिवस बँकेत काम करणारी एक जुनी गिऱ्हाईक आली. अंगाने बारीक, बोलायला मऊ. तिने पिशवीतून नेव्ही ब्लू रंगाची रेशमी साडी काढून माझ्यासमोर उलटी पसरली.

"काकी, फॉल काळा लागलाय."

मी बघितलं. साडी गडद निळी, फॉल गडद निळा. मला तर दोन्ही सारखेच दिसत होते.

"कुठे काळा? नेव्हीच आहे तो."

"काकी, काळा आहे. नेसल्यावर चालताना दिसतो."

"तुमच्या घरच्या लाइटमध्ये दिसत असेल तसा."

मी फॉल बदलून देते म्हटलं, पण ज्या सुरात म्हटलं तो सूर तिला लागला असणार. ती गेल्यावर मी जोडीदारणीला म्हणाले, "लग्नात नेसून झाली. आता फुकटात नवा फॉल पाहिजे." जोडीदारणीने मान खाली घालून रीळ बदललं. ती म्हणाली, "ताई, जरा बाहेर उजेडात नेऊन बघायचं ना."

"अकरा वर्षांत मी कधी बाहेर नेऊन बघितलं का?"

"नाही."

"मग?"

पुढच्या महिन्यात अशा तीन-चार तक्रारी आल्या. एकीच्या जांभळ्या साडीला तपकिरी फॉल, एकीच्या पांढऱ्याला लोण्याच्या रंगाचा. मला पहिला संशय आला तो माल देणाऱ्यावर. तो शेड बदलून जुन्याच नंबरने खपवतोय, याबद्दल माझी खात्री झाली. त्याच्याशी फोनवर भांडले. नंतर संशय आला ट्यूबलाइटवर. जोडीदारणीने स्वतःच नवी ट्यूब आणून लावली. नव्या ट्यूबनेही काही फरक पडेना, तेव्हा मला गिऱ्हाइकांचा संशय यायला लागला. हल्ली बायका मोबाइलवर साडीचा फोटो काढून त्यात रंग बघतात, आणि मोबाइलमध्ये रंग कधी खरा दिसतो का?

मग तक्रारी अचानक बंद झाल्या. मला बरं वाटलं. बघा, मीच बरोबर होते.

पण तक्रारी थांबल्या तशा दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. बायका साडी न्यायला आल्या की माझ्याशी दोन शब्द बोलून जोडीदारणीकडे वळायच्या. ती त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायची. मी वर बघितलं की दोघी गप्प. मी टाचून ठेवलेल्या साड्या संध्याकाळी तिच्या पिशवीत जायच्या. विचारलं तर म्हणायची, "पिको राहिलाय, घरी करते." घरी तिचं एक जुनं मशीन होतं हे खरं. पण दुकानात मशीन असताना घरी कशाला? एकदा सकाळी मला दिसलं, मी आदल्या दिवशी लावलेल्या फॉलचे टाके माझ्या हातचे नव्हते. माझा टाका तिरका पडतो, हे टाके सरळ होते. मी बोलले नाही. मनात मात्र पक्कं केलं, ही घरी स्वतःचा धंदा उभा करतेय आणि माझी गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे वळवतेय.

या सगळ्यात गोरेगावला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका मोठ्या हॉस्पिटलने डोळ्यांची मोफत तपासणी ठेवली. मी जाणार नव्हते. माझी मुलगी, जी लग्न होऊन बोरीवलीला राहते, ती नेमकी त्या दिवशी आली होती. तिने हात धरून नेलं. टेबलामागच्या मुलीने माझ्या डोळ्यांत थेंब टाकले, मशीनवर हनुवटी टेकायला लावली आणि कागदावर लिहून दिलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "मला तर आता चष्म्याशिवाय सुई ओवता येते. माझे डोळे सुधारलेत."

ती मुलगी म्हणाली, "आजी, तुम्ही हॉस्पिटलला येऊन डॉक्टरांना दाखवा." आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो आयुष्यभर गिरणीत आणि गिरणी बंद पडल्यावर वॉचमन म्हणून राबला, तरी त्याची मालवणी सुटली नाही. तो म्हणाला, "फुकट तपासतत म्हणजे गिऱ्हाईक गावतत काय बघतत. आमच्या आयेचो डोळो असोच गेलो."

सासूबाईंचा डोळा गावाकडच्या एका शिबिरात ऑपरेशननंतर गेला होता. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या एका डोळ्याने तांदूळ निवडायच्या. त्या डोळ्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, पण डॉक्टर हा शब्द निघाला की उठून आत जायच्या. ते चित्र माझ्याही डोक्यात बसलं होतं.

मुलीने ऐकलं नाही. तिने कॉलेज संपताना लेझरने डोळ्यांचा नंबर घालवला होता. तेव्हापासून तिला लेझर म्हणजे देवासारखं. "आई, माझं बघ ना, पंधरा मिनिटांत झालं. चष्मा गेला तो गेलाच. तुझंही लेझरनेच करू." शेवटी ती मला अंधेरीच्या त्या हॉस्पिटलात घेऊन गेली.

तिथे सगळं चकचकीत. डॉक्टरांच्या आधी एका काचेच्या खोलीत एक मुलगी भेटली. तिच्या गळ्यात पट्टा, समोर प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड. तिचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, मेडिक्लेम आहे का?" दुसरा, "एकाच आठवड्यात दोन्ही डोळे करून घेणार ना?" मी काय काम करते, मला काय दिसत नाही, हे तिने विचारलंच नाही.

मग तिने कार्ड पुढे सरकवलं. त्यावर डोळ्यात बसवायच्या लेन्सचे प्रकार होते, हॉटेलातल्या थाळ्या असतात तसे, साधी, स्पेशल आणि त्याहून स्पेशल. "ही बेसिक आहे, फक्त एकाच अंतराचं दिसतं, ही सहसा कुणी घेत नाही. ही मल्टिफोकल, हिच्यात जवळचं-लांबचं दोन्ही, चष्मा जवळपास लागतच नाही. आणि ऑपरेशन आपण लेझरने करू, ब्लेड लागत नाही."

माझी मुलगी माझ्याकडे बघून मान हलवत होती, बघ मी सांगत होते ना.

मी विचारलं, "मोतीबिंदू पिकलाय का माझा?"

"आता पिकायची वाट कुणी बघत नाही मॅडम."

लहानपणापासून ऐकत आले होते की मोतीबिंदू पिकला की काढतात. कच्चाच काढायला निघाले म्हणजे घाई माझ्या डोळ्याला नव्हती, त्यांना होती. मी पर्स उचलली आणि बाहेर आले. माझी मुलगी मागून धावत आली. लिफ्टपाशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती बोरीवलीला गेली आणि मी रिक्षा करून दुकानात आले. त्या दिवशी मी येणार नाही असं सांगून ठेवलं होतं.

जिन्याखाली वळले आणि बघितलं. माझ्या जागेवर जोडीदारीण बसली होती. तिच्या मांडीवर साडी होती, मी दोन दिवसांपूर्वी फॉल लावून ठेवलेली. ती ब्लेडने माझे टाके उसवत होती. समोर स्टुलावर बसली होती ती बँकवाली बाई.

दोघींनी माझ्याकडे बघितलं. जोडीदारणीचा हात थांबला.

"ताई, तू आज..."

"मी आज येणार नव्हते. म्हणून चाललंय ना हे?"

"ताई, ऐक."

"किती दिवस चाललंय? माझे टाके उसवून स्वतःचे घालायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, बघा मी कशी नीट करते. अकरा वर्षं एका ताटात जेवलो गं आपण. तू माझं दुकान चोरतेस?"

बँकवाली उठून म्हणाली, "काकी, तसं नाहीये..."

"तुम्ही मधे पडू नका. तुम्हीही तिच्याकडेच जा आता."

जोडीदारणीने साडी घडी करून टेबलावर ठेवली, ब्लेड कागदात गुंडाळलं, डबा पिशवीत टाकला. जाताना मशीनवरचं कापड नीट केलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. जिन्यावरून उतरणाऱ्या दोन बायका थांबून सगळं ऐकत होत्या. त्यांनाही मी ऐकू दिलं.

पुढचे पंधरा दिवस मी एकटीने दुकान चालवलं. पिको दुसरीकडून करून आणत होते. आठव्या दिवसापासून साड्या परत यायला लागल्या. एका दिवशी तर तीन. मला वाटलं, ती फोन करून बायकांना भडकवतेय. असं वाटणं किती सोपं होतं! सगळ्याचं उत्तर एका माणसावर ढकललं की दुसरीकडे बघावं लागत नाही.

मग बँकवाली पुन्हा आली. या वेळी ती बसली नाही. कपाटाजवळ जाऊन तिने खणातून दोन फॉल काढले आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवले.

"काकी, यातला निळा कुठला?"

मी बघितलं. दोन्ही सारखेच होते.

"दोन्ही नेव्ही आहेत."

"एक नेव्ही आहे, एक काळा आहे." तिचा आवाज हळू होता. "त्या गेले वर्षभर तुमचे चुकलेले फॉल बदलून देत होत्या. आम्हाला म्हणायच्या, ताईला काही बोलू नका, मी बघते. त्या दिवशी मला घाई होती म्हणून त्या माझ्यासमोर उसवायला बसल्या. मी तुम्हाला सांगणार होते, तुम्ही ऐकलं नाहीत."

ती गेली. मी ते दोन फॉल हातात धरून बसले. तरी मनात आलं, हिने दोन्ही काळेच काढून ठेवले असतील, दोघींचं संगनमत असेल. मी ते पर्समध्ये टाकून घरी नेले. नवरा बाल्कनीत पेपर वाचत होता. त्याला फॉल, साडी, रंग यातलं काही कळत नाही आणि खोटं बोलायचं त्याला कारण नव्हतं. त्याच्यासमोर दोन्ही धरले.

"यातला काळा कुठला?"

त्याने पेपरवरून नजर उचलली, एका बोटाने दाखवलं. "ह्यो. आणि ह्यो निळो." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "तुका दिसणा नाय?"

मी फॉल पाठीमागे लपवून त्यांची जागा बदलली, पुन्हा पुढे केले. त्याने तसंच सांगितलं. मी चार वेळा केलं. चौथ्या वेळी त्याने पेपर खाली ठेवला आणि माझा हात धरला. ज्या माणसाने आईच्या गेलेल्या डोळ्याची आठवण काढली होती, तोच म्हणाला, "उद्या जावया."

मी त्याच हॉस्पिटलात गेले, कारण कागद तिथले होते. पण या वेळी काचेच्या खोलीत बसायचं नाही, थेट डॉक्टरांशी बोलायचं असं काउंटरवर सांगितलं. बरीच वाट बघायला लावली. शेवटी बोलावलं. डॉक्टर म्हणजे पस्तिशीची मुलगीच, केस घट्ट बांधलेले. मी मनात म्हटलं, हिच्या हातात डोळा द्यायचा?

तिने आधी विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

मी सांगितलं. तिने खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे रंग तुमच्यासाठी महत्त्वाचे. कधीपासून चुकतायत?"

मी सगळं सांगितलं, सुई ओवण्यापासून.

"डोळ्यातली आपली लेन्स हळूहळू घट्ट आणि पिवळी होते," ती म्हणाली. "पिवळी काच लावून जग बघितल्यासारखं. निळा-काळा, जांभळा-तपकिरी यातला फरक जातो. पण रोज थोडं थोडं होतं म्हणून कळत नाही. आणि तशी ती घट्ट होताना नंबर बदलतो. काही दिवस जवळचं चष्म्याशिवाय दिसायला लागतं. लोकांना वाटतं डोळे सुधारले."

"म्हणजे ती सुई..."

"तो मोतीबिंदूच होता."

मग माझे प्रश्न काढले. मुलीसारखं लेझरने का नाही? ती म्हणाली, मुलीचं ऑपरेशन डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचं होतं, नंबरासाठी. मोतीबिंदू त्याच्या आत असतो. लेझरने त्यातल्या काही पायऱ्या करता येतात, पण मोतीबिंदू काढून नवी लेन्स बसवावीच लागते. "तुमच्या डोळ्याला लेझर नसलं तरी चालेल. मी रोज तसंच करते."

"आणि ती मल्टि काय ती लेन्स?"

"चांगली आहे, पण सगळ्यांसाठी नाही. काहींना दिव्यांभोवती गोल वलयं दिसतात, बारीक छटांचा उठाव थोडा कमी होऊ शकतो. तुम्हाला मी साधी सांगेन, एका अंतराची. लांबचं स्पष्ट हवं की जवळचं, ते तुम्ही ठरवा. दुसऱ्याला चष्मा लागेल."

"मग त्या काचेच्या खोलीतल्या मुलीने का सांगितलं, साधी कुणी घेत नाही?"

"ते तिने तसं म्हणायला नको होतं," डॉक्टर एवढंच म्हणाली.

बाहेर आल्यावरही माझं मन स्वस्थ नव्हतं. स्वस्तातली सांगतेय म्हणजे ती लेन्स यांच्याकडे पडून असेल, असंही डोक्यात येऊन गेलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "महाग सांगितली तरी संशय, स्वस्त सांगितली तरी संशय. डोळो काढून खिशात घाल." मी जवळचं निवडलं. बसचा नंबर बघायला चष्मा चालेल, सुई चष्म्याशिवाय पाहिजे.

ऑपरेशनच्या दिवशी मी नर्सला लेन्सचा डबा दाखवायला लावला. तिने हसत दाखवला. त्यावरचा नंबर मी कागदावर लिहून घेतला. आत झोपवल्यावर तोंडावर कापड, एका डोळ्यापुरतं भोक. सुई नाही, फक्त थेंब. वरून प्रखर उजेड, डोळ्यावर गार पाणी, कानाशी मशीनचा बारीक सूर. डॉक्टर मधूनमधून बोलत होती, "छान, तसंच बघत राहा." मला डोळ्यासमोर सासूबाईंच्या हातातलं तांदूळ निवडायचं सूप दिसत होतं. मी नर्सचा हात इतका घट्ट दाबला की नंतर तिने बोटं झटकून दाखवली. वीस मिनिटांत बाहेर. हातात कार्ड दिलं, त्यावर लेन्सचं स्टिकर. मी माझ्या कागदाशी ताडून बघितलं. नंबर तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यावरची जाळी काढली. लांबचं धूसरच होतं. पण समोरची भिंत पांढरी होती. पांढरी म्हणजे दुधासारखी नाही, निळसर पांढरी, धुतलेल्या शर्टासारखी. मी नवा डोळा झाकून जुन्याने बघितलं, भिंत चहा सांडून सुकलेल्या कापडासारखी. पुन्हा नव्याने बघितलं. डॉक्टरच्या अंगात निळा कुर्ता होता, आकाशाहून थोडा गडद. या रंगाला आम्ही दुकानात चिंतामणी म्हणतो. तो रंग मी किती वर्षं बघितला नव्हता, मलाच सांगता येईना. नवरा विचारत राहिला, "दिसता मां? दिसता मां?" आणि मी नुसतीच मान हलवत होते.

दहा दिवसांनी दुकान उघडलं. झाडून घेताना तिच्या मशीनखाली कापडाचा एक गठ्ठा सापडला, सुतळीने बांधलेला. सोडला. आत उसवलेले फॉल होते, धुऊन, इस्त्री करून गुंडाळलेले. पुन्हा कुणाला तरी वापरता यावेत म्हणून ठेवलेले असावेत. मी ते दारात उजेडात नेले आणि एकेक उलगडला. काळे. तपकिरी. लोण्याच्या रंगाचे. प्रत्येकावर माझ्या तिरक्या टाक्यांची भोकं. मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. पायरीवर बसूनच राहिले. जिन्यावरून जाणाऱ्या एकीने विचारलं, "मावशी, बरं नाही का?" मी म्हटलं, डोळ्यात औषध घातलंय.

त्याच दुपारी मी अंधेरीच्या गावठाणात गेले. गल्लीच्या तोंडाशी क्रूस आहे, त्याला झेंडूचा हार होता, आणि त्या पिवळ्याकडे मी उगाच थोडा वेळ बघत राहिले. ती ओट्यावर बसून कोलंबी सोलत होती. मला बघून उठली नाही.

"डोळ्याचं केलंस?" तिने विचारलं.

"एकाचं."

"कसं दिसतं?"

"सगळं दिसतं." मी तिच्या शेजारी बसले. "तू मला सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे बघितलं. "दोनदा सांगितलं. उजेडात बघ म्हटलं, तुला राग आला. ट्यूब बदलली, स्वतः आणून. आणखी काय करायचं होतं? तुला धरून सांगू, ताई तुला दिसत नाही? तुझा हात चालत होता, रंग मी बघत होते. दोघींचं मिळून काम होत होतं ना. त्यात सांगायचं काय?"

"मी तुला चोर म्हणाले."

"म्हणालीस. चार माणसांसमोर म्हणालीस." तिने कोलंबीचं टरफल ताटलीत टाकलं. "घरात म्हणाली असतीस तर मी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि झालं असतं."

मी माफी मागितली. साधी, सरळ. तिने मान हलवली. चहा दिला. अंधेरी पश्चिमेला एका बुटिकमध्ये तिला काम मिळालं होतं, एसीमध्ये. मी उठताना ती म्हणाली, "थेंब वेळेवर घालतेस ना?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्या सगळ्या बायकांना फोन केले, ज्यांची नावं आमच्या वहीत होती. प्रत्येकीला सांगितलं की फॉल मी चुकवत होते आणि ती दुरुस्त करत होती, आणि मी तिला चोर म्हटलं ते खोटं होतं. काहींना काय बोलावं ते कळलं नाही. एकीने विचारलं, "काकी, हे मला कशाला सांगताय?" जिन्यावरच्या त्या दोघींना मात्र समोर गाठून सांगितलं. ते सगळ्यात अवघड गेलं.

दीड महिन्याने एका सोमवारी ती आली. बुटिकची मालकीण अरेतुरे करते म्हणाली. खरं कारण तेच की आणखी काही, मी विचारलं नाही. तिने अट घातली: पगार नको, अर्धी भागीदारी हवी. मी हो म्हटलं. पण ती पूर्वीसारखी राहिली नाही. एखादी साडी घरी न्यायची असली की ती आधी मला दाखवायची, वहीत लिहायची, माझी सही घ्यायची. मी म्हणायचे, "अगं, कशाला?" ती म्हणायची, "असू दे." तिच्या डोळ्यांत आता माझ्याबद्दल एक सावधपणा होता, आणि तो मीच घातला होता. तो काढायला कुठलं ऑपरेशन नाही. शुक्रवारी ती डबा उघडायची, मोठा तुकडा माझ्याकडे यायचा, पण बोलणं कमी झालं होतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मी तीन महिने पुढे ढकललं. डॉक्टर म्हणाली होती, जमेल तेव्हा करा, पण दोन डोळ्यांत दोन रंग घेऊन किती दिवस काम करणार? शेवटी तारीख घेतली, तर त्या दिवशी नवऱ्याला ताप होता, मुलगी ऑफिसमधून निघू शकत नव्हती. मी एकटी जाते म्हटलं.

"एकटी कशाला?" जोडीदारीण म्हणाली. तिने दुकानाला कुलूप लावलं आणि माझ्याबरोबर रिक्षात बसली.

त्या काचेच्या खोलीतून तीच मुलगी बाहेर आली, हातात कार्ड घेऊन. "मॅडम, या डोळ्याला तरी आपण थोडं अपग्रेड..."

मी तोंड उघडायच्या आत जोडीदारीण म्हणाली, "त्यांना काय पाहिजे ते डॉक्टरला माहीत आहे. तू बस जा." मुलगी परत गेली. मला हसू आलं, तिलाही आलं, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघी एकदम हसलो. मग नर्सने मला आत बोलावलं. मी बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं सगळं काढून जोडीदारणीच्या ओंजळीत दिलं आणि ओढणीने केस बांधून आत गेले.